तळटीप क्रमांक सात

नांदेड,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय शेषा,

पाकिटावरचं अक्षर बघून तू सिंधुवहिनींना हाक मारली असशील, की शेठनं पत्र धाडलंय, त्याचा फोन बिघडला की काय. फोन ठणठणीत आहे. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी जरा गंभीर सूर लावला की तू गायींचं सांगायला लागतोस, नाहीतर ‘जाऊ दे रे’ म्हणून मोकळा होतोस. या वेळी मला तुझं ‘जाऊ दे’ नको आहे. एक गोष्ट सांगायची एकतीस वर्षं राहून गेली आहे, आणि ती कळल्यावर तू माझ्याशी पहिल्यासारखा राहशील की नाही याची मला खरोखर खात्री नाही. म्हणून पत्र. फोन मध्येच ठेवता येतो, पत्र मात्र एकदा उघडलं की शेवटपर्यंत वाचलंच जातं.

पण आधी बरं चाललंय ते सांगतो, कारण ते खरंच बरं चाललंय. लातूरचं दुकान पोरानं, उमाशंकरनं, हातात घेतलं आणि मला ‘आता आराम करा’ असं इतक्या वेळा म्हणाला की मी वाटेत येतोय हे मला उमगलं. मग मी आणि रुद्राणी दोघं इकडे लेकीकडे, दामिनीकडे आलो. जावई वीरेश रेल्वेच्या ऑफिसात, त्यांना क्वार्टर ऐसपैस आहे. रिकामा बसून काय करू, म्हणून इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं, हे तुला माहीतच आहे. तेव्हा तू फोनवर पाच मिनिटं हसला होतास. आता शेवटचं सत्र आहे. सकाळी पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून, डबा घेऊन मी विष्णुपुरीला विद्यापीठाकडे जाणाऱ्या सिटी बसमध्ये चढतो. कंडक्टर मला प्राध्यापक समजतो आणि मी त्याचा गैरसमज दूर करत नाही.

आणि पेपर कुठला आहे ते ऐक. ‘जागतिक साम्यवादाचा उदय आणि ऱ्हास’. सहासष्टाव्या वर्षी, तुझ्या या शेठच्या नशिबी! रोज संध्याकाळी घरी आलो की रुद्राणी पाण्याचा तांब्या पुढे करत विचारते, “आज कुठलं सरकार पाडून आलाव?” वर्गात हंगेरीत रशियाचे रणगाडे घुसले त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, तर तिला वाटलं माझी शुगर वाढली.

वर्गात आम्ही अकरा जण. दहा जण मला काका म्हणतात. शिकवायला अक्षरा मॅडम, देगलूरकडच्या, आमच्या दामिनीपेक्षा लहान, पण वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल असा दरारा. एकदा त्यांनी भिंतीवर मॉस्कोच्या दुकानाचं चित्र दाखवलं. बाहेर बर्फात ही एवढी रांग, आत फळ्या रिकाम्या. पोरं बर्फ बघत होती, मी फळ्या बघत होतो. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ते बघवत नाही रे. मी उभा राहून म्हणालो, गिऱ्हाईक उद्या काय मागणार हे गल्ल्यावरच्या माणसाला कळतं, इथं ते हजार मैलांवरच्या कचेरीत ठरत होतं. मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं. तुला राग येणार हे वाचून. येऊ दे. पण पुढचंही ऐक. एका पोरानं ‘म्हणजे सगळं खोटंच होतं’ असा निकाल दिला, तेव्हा परत मीच उठलो. म्हटलं, बाबा, माझी आई मरेपर्यंत अंगठा उठवत होती, आणि तिकडे खेड्यापाड्यातल्या बाया एका पिढीत वाचायला शिकल्या, डॉक्टर झाल्या, हेही लिहून घे. तू समोर नसलास की तुझी बाजूही मलाच लढवावी लागते.

मॅडम एकदा म्हणाल्या की हा पेपर मुलांना तारखांमुळे जड जातो, तुम्हाला कसा जात नाही. मी म्हटलं, मला याचा मधला भाग आधीपासून ठाऊक आहे, फक्त सुरुवात आणि शेवट ठाऊक नव्हता. त्यांना ती गंमत वाटली. ती गंमत नाही, आणि आता मी त्याच्याकडेच येतोय.

तुला आमचं मालघर आठवतं? दुकानामागची ती लांबट खोली. तू तेव्हा लातुरात तेलगिरणीच्या युनियनचं काम करायचास. लाल बावट्याची पुस्तकं देवणीच्या घरात आणशील तर चुलीत घालीन, असं तुझ्या वडिलांनी बजावलं होतं. म्हणून तुझं वाचनमंडळ आमच्या मालघरात आलं. तूरडाळीच्या पोत्यांमध्ये ते लोखंडी कपाट, त्यात एकशे त्र्याऐंशी पुस्तकं, रशियाच्या गुळगुळीत जाड कागदाची. दर रविवारी दहाबारा जण पोत्यांवर बसून वाचायचे, भांडायचे. मी चहा आणायचो आणि दाराशी थांबायचो. एकदा मी म्हणालो, माझंही नाव घाला की मंडळात. तू सगळ्यांसमोर म्हणालास, “शेठ, तू वर्गशत्रू हाईस. तू चहा पाज.” सगळे हसले. मीही हसलो. शेषा, ते मला लागलं होतं. तू विसरलासही असशील. मी घरी जाऊन रुद्राणीलासुद्धा सांगितलं नाही, इतकं लागलं होतं.

मग एक्क्याण्णवचा डिसेंबर आला. टीव्हीवर मॉस्कोतला तो लाल झेंडा खाली उतरला आणि दुसऱ्या दिवशी तू दुकानात येऊन बसलास. मी चहा दिला, तो तसाच निवला. मला चेष्टा करायची होती, तोंडाशी आली होती, पण तुझा चेहरा बघून गिळली. तू म्हणालास गावाकडे जातो, गायी बघतो, पुस्तकं राहू दे तुझ्याकडे, नेईन कधीतरी. आणि गेलास. बरंच केलंस म्हणा. आज देवणीची गाय घ्यायची तर लोक तुझ्या गोठ्यावर येतात, आणि तू त्यांना अजून कॉम्रेड म्हणतोस.

आता सांगतो. ब्याण्णवच्या महाशिवरात्रीला, सिद्धेश्वराच्या जत्रेत, दुकानापुढे ही गर्दी होती. उपासाचे शेंगदाणे, खजूर, गूळ, आणि ऐन दुपारी माझी पुड्या बांधायची रद्दी संपली. गिऱ्हाईक हात पुढे करून उभं. मी मालघरात गेलो, कपाट उघडलं, हाताला लागलं ते पुस्तक घेतलं आणि मधलं एक पान फाडलं. एकच, असं मनाशी म्हटलं. त्या कागदाची पुडी इतकी सुरेख झाली की काय सांगू. कडा धरून बसणारी, तेल न झिरपणारी. संध्याकाळपर्यंत पुस्तक संपलं. दुसऱ्या दिवशी रद्दीवाला आला, तरी मी परत कपाटच उघडलं. गरज होती म्हणून पहिलं पान फाडलं, पण पुढची सगळी मी रागानं फाडली. वर्गशत्रू म्हणालास ना, घे, असं प्रत्येक पुडीला मनात म्हणत होतो. तू समोर असतास तर दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तू नव्हतास, पुस्तकं होती.

पण दुकानदाराला एक खोड असते. हातात छापील कागद आला की नजर त्यावरून फिरतेच. पुडी बांधता बांधता मी वाचायला लागलो. आधी दोन ओळी, मग पान, मग गिऱ्हाईक “अप्पा, देताव का न्हाई?” म्हणून ओरडेपर्यंत. गिरणीतला संप वाचला, दुष्काळ वाचला, जमिनीची वाटणी वाचली, सगळं मधूनच, उलटंसुलटं. एका कादंबरीच्या पानावर एक बाई बर्फात रेल्वे स्टेशनवर उभी होती, लढाईवरून नवरा येणार म्हणून. गाडी आली, माणसं उतरायला लागली, आणि पान संपलं. पुढचं पान त्याआधीच कुणाच्या तरी अर्ध्या किलो शेंगदाण्यांबरोबर निघून गेलं होतं. त्या दिवसानंतर मी फाडणं थांबवायला हवं होतं. थांबलो नाही. दिवाळीला कपाट रिकामं झालं.

त्र्याण्णवचा भूकंप झाला, तेव्हा तू त्याच दिवशी दुपारी मिळेल त्या गाडीला लटकून लातूरला आलास. मी जिवंत आहे की नाही हे बघायला. आमच्या गल्लीत घरं उभी होती, फक्त मालघराची मागची जुनी मातीची भिंत बसली होती. तू त्या ढिगाऱ्यापुढे उभा राहून विचारलंस, “पुस्तकं?” मी म्हणालो, “गेली.” मी एवढंच म्हणालो. भूकंप हा शब्द तू आपल्या मनानं जोडलास, आणि मी तो जोडू दिला. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, “जाऊ दे. तू हाईस ना.” मग आपण दोघं दुकानातली पोती टेम्पोत घालून किल्लारीकडे गेलो. तिकडे जे पाहिलं, त्यानंतर चार पुस्तकांचं कुणी काय बोलणार? माझं खोटं तिथल्या मातीखाली गेलं, असं मला वाटलं. इतक्या माणसांच्या मरणाआड मी माझ्या पुड्या लपवल्या, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

ते बाहेर काढलं एका पोरीनं. इस्लापूरची पुनम, माझ्या बाकावर बसते, माझ्या डब्यातली शेंगाचटणी निम्मी तीच खाते. आम्हाला प्रत्येकाला एक प्रकल्प लिहायचा आहे. माझा विषय तुला सांगितला नव्हता: ‘लातूरमधील एक वाचनमंडळ, १९८४ ते १९९१’. मी लिहिलं की हा ग्रंथसंग्रह भूकंपात नष्ट झाला. तिनं वाचून तिथं बोट ठेवलं. “काका, ह्याला पुरावा काय हाय? तुमच्या गल्लीत तर एकबी घर पडलं न्हाई म्हणून तुम्हीच सांगितलं.” तिला शंका नव्हती रे, ती नुसती तळटीप मागत होती. मॅडमनी शिकवलंय आम्हाला, की जे वाक्य लिहाल त्याखाली सांगा, कुणी सांगितलं, कुठं पाहिलं. दोन आठवडे मी ती जागा कोरी ठेवली. एकतीस वर्षांत मला कुणी इतक्या साध्या शब्दांत विचारलं नव्हतं.

आता हे सगळं आजच का, ते सांगतो. माझा प्रकल्प वाचून मॅडमना तुला बोलवावंसं वाटलं. त्यांनी फोन केला आणि तू लगेच हो म्हणालास. येत्या शनिवारी तू आमच्या विभागात बोलणार आहेस, आणि काय बोलणार ते मला पाठ आहे. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तू ते सांगतोस: पुस्तकं मातीत गेली, पण आमच्या शेठनं ती शेवटपर्यंत स्वतःच्या मालाआधी सांभाळली. दरवेळी मी मान खाली घालतो आणि लोकांना तो माझा विनय वाटतो. शनिवारी तू ते माझ्याकडे बघून म्हणशील, आणि पुनम हात वर करील. खोटं मी बोललो, शेषा, खोटा तू पडायला नकोस. म्हणून काल मी तळटीप क्रमांक सात लिहिली आणि मॅडमच्या हातात दिली. ती अशी आहे: ‘हा संग्रह भूकंपात नष्ट झाला नाही. १९९२ साली प्रस्तुत लेखकाने आपल्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी तो वापरला. माहिती देणारा: लेखक स्वतः. संग्रहाचे मालक श्री. शेषेराव यांना हे १९९३ पासून ठाऊक असायला हवे होते.’ मॅडमनी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, त्यांना माहीत आहे का. म्हटलं, उद्याच पत्र लिहितो. तू ‘जाऊ दे’ म्हणू नकोस. हवं तर व्यासपीठावरून मला शिव्या दे, मी पहिल्याच बाकावर असतो. उदगीरहून सकाळी सुटणारी गाडी साडेदहाच्या सुमाराला येते. दहापासून मी नांदेडच्या बसस्टँडवर उभा राहतो, एकटाच, डबा घेऊन. आणि आलास, तर बाकीचं सगळं मागून बोल, आधी मला एवढंच सांग, ती पुस्तकं तू सगळी वाचली होतीस: त्या बाईचा नवरा गाडीतून उतरला का?

तुझाच, चहा पाजणारा,
शिवप्पा