गोठ्यातली बादली

वडगाव निंबाळकर
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आबांना, सून वृषालीचा साष्टांग नमस्कार.

एकाच घरात राहून पत्र लिहिते म्हणून हसाल. पण तुम्हाला कमी ऐकू येतं, आणि हे ओरडून सांगितलं तर अख्खी आळी गोळा होईल. तुमच्या नातीला, श्रेयाला, सराव परीक्षेत चांगले मार्क पडले. तुमची संध्याकाळची गोळी डबीत ठेवली आहे.

परसातला खताचा ढीग चांगला तापलाय. वरून गार दिसतो, पण आत हात घालवत नाही. उसाचं पाचट लवकर कुजावं म्हणून त्यावर युरियाचं पाणी शिंपडायला तुम्हीच शिकवलंत. दोन मुठी म्हणाला होतात. मला मेलीला घाई. उन्हाळ्याआधी काळंभोर खत दाखवून तुमची शाबासकी घ्यायची होती. रविवारी मी तांब्याभर युरिया कालवला.

गोठ्यातल्या बादलीत. कपिला गाईला आपण पेंडीचं पाणी देतो, त्याच बादलीत.

कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेले. परत आले तर बादली रिकामी आणि कपिला थरथरत होती. डॉक्टर येईपर्यंत ती गेली. ते विषबाधा म्हणाले, तोवर मी बादली घासून पालथी घातली होती.

तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मी गुपचूप ताट परत नेत राहिले.

त्या दुपारी साखरबाई पाणी प्यायला परसात आली होती. खतासाठी रानात मेंढ्या बसवायला तुम्हीच बोलावलेली माणसं ती. यांनी तिच्यावरच आळ घेतला. ती मला म्हणाली, "जनावरावर जगनारी मानसं आमी. गाईला इख कसं घालू, पोरी? तू हितंच व्हतीस, तू सांग की." मी खाली मान घातली.

हे त्यांना रान सोडा म्हणाले, तर तिचा नवरा बिरू म्हणतो, "आळ घिऊन जानार न्हाय." आज दिवस मावळताना हे चौघांना घेऊन तिकडे जाणार आहेत. ट्रॅक्टरवर काठ्या आणि डिझेलचा कॅन चढवलाय. मेंढ्यांभोवतीची जाळी पेटवणार म्हणतात. जाळीला लागूनच पालात साखरबाईची बाळंतीण सून निजते.

मी यांना सांगायला दोनदा उभी राहिले. जीभ रेटली नाही. फार भीती वाटते, आबा. हे फक्त तुमचाच शब्द ऐकतात.

चार वाजलेत. पत्र चहाच्या कपाखाली ठेवते. आधी हे वाचा, यांना अडवा, मग मला काय बोलायचं ते मोठ्यानं बोला. आळीनं ऐकलं तरी चालेल.

बादली घासणारी,
तुमची सून
वृषाली