गोदाबाईंकडून आलेल्या पाळ्या काही अंशी परत करण्याबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
आपत्ती संदेश स्वयंसेवक पथक,
नारायण पेठ विभाग, पुणे

विषय : बिनतारी संचावरील बोलण्याच्या पाळ्या तूर्त समसमान करून मिळणेबाबत.
संदर्भ : दि. ४ मे रोजीचा आपत्ती सराव.

महोदया,

१. अर्जदार अनंत यज्ञेश्वर खांबेटे, वय ६८, हे निवृत्त टंकलेखक असून मोजके बोलण्याबद्दल पेठेत परिचित आहेत. पथकाच्या बारा संचांपैकी एक त्यांच्याकडे आहे. हे संच टॉवरशिवाय थेट एकमेकांशी बोलतात. एका वेळी एकालाच बोलता येत असल्याने यंत्र पाळ्या ठरवते आणि ज्याचे बोलणे जास्त, त्याच्या पाळ्या आपोआप वाढवते.

२. परिणामी बहुतेक पाळ्या शेजारच्या श्रीमती गोदाबाई यांच्याकडे गेल्या. अर्जदारास दर दोन मिनिटांनी दोन शब्दांपुरती एक उरली. तेवढ्यात त्यांचे आजवर भागत आले होते, म्हणून त्यांनी तक्रार केली नाही.

३. सरावाच्या दिवशी दुपारी बारा वाजता अर्जदार संच घेऊन गच्चीवर गेले असता कोणीतरी जिन्याच्या बाजूने कडी लावली. अर्जदार संचावर म्हणाले, "गच्चीवर आहे." पाळी संपली. गोदाबाईंनी लगेच कळवले, "बरं झालं भावजी, सांडग्यांवर लक्ष ठेवा." दोन मिनिटांनी अर्जदार म्हणाले, "दार बंद." उत्तर आले, "राहू दे, मांजर येतं." पुढे सांडग्यांत कोहळा किती घालावा यावर पथकात सविस्तर चर्चा झाली आणि अर्जदाराचे पुढचे दोन-दोन शब्द तीत विरले. सराव यशस्वी झाल्याचे आपण जाहीर केलेत, तेही अर्जदाराने उन्हातूनच ऐकले. चार वाजता गोदाबाई सांडगे उचलायला वर आल्या, तेव्हा अर्जदाराची सुटका झाली.

४. पथकाच्या तंत्रज्ञ कु. उत्कर्षा यांनी सल्ला दिला की, भरपूर बोलल्याशिवाय यंत्र दखल घेत नाही. अर्जदाराने दुसऱ्याच दिवशी संचावर रद्दीतली वर्तमानपत्रे वाचायला घेतली, मग स्वतःच्या पित्ताचा इतिहास सांगितला, आणि तोही संपल्यावर मनातले. चाळीस वर्षांचे बरेच साठलेले निघाले. आज दर दोन मिनिटांतल्या नऊ पाळ्या अर्जदाराकडे असून गोदाबाईंकडे एकच आहे.

५. काल अर्जदाराने कडीचा विषय काढला. गोदाबाई म्हणाल्या, "कडी मीच." पाळी संपली. पुढचे दोन शब्द यायला दोन मिनिटे लागली. एवढा वेळ राग धरून ठेवणे अर्जदारास या वयात जमत नाही. समोरासमोर बोलावे, तर त्या दार उघडत नाहीत.

सबब, दोघांच्या पाळ्या किमान हे भांडण पूर्ण होईपर्यंत समसमान कराव्यात. नंतर समेटासही थोड्या लागतील, त्यांचाही विचार व्हावा.

आपला नम्र व अलीकडे बोलका,
अ. य. खांबेटे
दि. १९ मे

सोबत : पथकातील सात सदस्यांचे संमतिपत्र (अर्जदाराने बोलणे आवरावे, या अटीवर).