न घेण्याची खुर्ची

रविवार, १ सप्टेंबर

आज पुन्हा टिचकीच जिंकली! सलग कितवा रविवार हा, देव जाणे. खुर्चीवर आता तिचं नावच घालायला हवं.

आमचा हा खेळ एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढं तिच्या पोरांना वाचता येईल. रविवारी जेवणं झाली, ताटं घासून पालथी पडली की आम्ही तिघांनी गोल बसायचं. एकेकानं सांगायचं – या आठवड्यात काय दिसलं, काय मनापासून आवडलं, आणि तरी घेतलं नाही. ज्याचं न घेणं सगळ्यांत भारी, त्याला घरातली एकुलती एक हाताची खुर्ची आठवडाभर. बाकीच्यांनी स्टुलावर, नाहीतर जमिनीवर. खेळ माझ्याच डोक्यातून निघालेला. टिचकी लहान होती, दुकानापुढं लोळण घ्यायची, तेव्हा काढला. तिचं रडणं जे बंद झालं ते झालंच.

आज मी आमच्या शिवणाच्या दुकानात आलेली नवी कात्री सांगितली. कापडातून अशी जाते की आवाजसुद्धा येत नाही. ह्यांनी सांगितला चामड्याचा पट्टा. पण हे पुस्तकं बांधायच्या कारखान्यात दिवसभर चामडं आणि पुठ्ठाच हाताळतात, त्यामुळं तो आम्ही मायलेकींनी बाद केला. मग टिचकी म्हणाली, "मी पोहण्याचा तलाव घेतला नाही." अख्खा तलाव! ह्यांना हसता हसता ठसका लागला. आम्ही दोघांनी टाळ्या पिटल्या. कुठून सुचतं या पोरीला! ती खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसली. फारशी हसली नाही. महाराणी झाली की अशीच ऐटीत असते.

मंगळवार, ३ सप्टेंबर

दुपारी ह्यांच्या थोरल्या बहीणबाई आल्या होत्या – आमच्या ताई. त्या आल्या की आमची खोली आपोआप लहान होते. बसण्याआधी स्टूल हलवून बघतात, डुगडुगतंय का म्हणून. त्यांची मुलं कामाधंद्याला दूर गेलेली, घरात खोल्या रिकाम्या, मग सगळा जीव टिचकीवर. या वेळी तिच्यासाठी मनगटी घड्याळ आणलं होतं, पाण्यातसुद्धा चालणारं. मी म्हटलं, ताई, आमचं याच्यावाचून काही अडत नाही. त्या म्हणाल्या, "तुझं अडत नाही गं. तिचं काय?"

असा राग आला! पण मला तोंड उघडावंच लागलं नाही. टिचकीनंच डबी बंद करून त्यांच्या हातात परत ठेवली. "आत्या, छान आहे. पण खरंच नको." किती गोड बोलली! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ताई चहा प्यायल्या. जाताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

नका बघू.

गुरुवार, ५ सप्टेंबर

शाळेच्या मोठ्या बाईंचा निरोप आला. शनिवारी पालकांची सभा आहे आणि 'थोडक्यात आनंदानं कसं राहावं' यावर बोलायचंय – मी! टिचकीनं वर्गात आमच्या खेळाविषयी सांगितलं म्हणे, तेव्हापासून बाईंच्या डोक्यात होतं. मी आपली लोकांच्या पँटी आखूड करणारी बाई, मला काय येतंय भाषण! हे म्हणाले, बोलायला फुकट आणि वर शाळेचा चहा, अशी संधी सोडू नये.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

भाषणात काय सांगायचं म्हणून घरात नजर फिरवली आणि खरंच वाटलं, आम्ही सुखी आहोत. दाखवायला नाही, खरोखरचे. खिडकीचा पडदा दुकानातल्या चिंध्यांचा, पण येणारा जाणारा थांबून बघतो. ही रोजनिशी कारखान्यात उरलेल्या कागदांची, ह्यांनी बांधलेली. अर्धी पानं गुलाबी, अर्धी पांढरी. संध्याकाळी तिघं पुलापर्यंत चालत जातो आणि येणारी बोट भरलेली असेल की रिकामी, यावर पैज लावतो. हरेल त्यानं भांडी घासायची. ह्यांनी आयुष्यात एवढी भांडी घासलीत की मला संशय आहे, मुद्दाम हरतात.

उद्या निळा झगा घालणार. त्याच्या बाहीला रफू आहे. हात जरा पुढं केला की दिसतो. आरशापुढं करून बघितलं. आता लिहिताना हसू येतंय – लोक रफू लपवतात, मी दाखवायची तालीम करतेय!

शनिवार, ७ सप्टेंबर

भाषण झालं. टाळ्या झाल्या. लिहवत नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

आज लिहिलंच पाहिजे. नाहीतर आतल्या आत सडेल.

भाषण चांगलं झालं, तेच तर! लोक हसायच्या जागी हसले. खुर्चीची गोष्ट सांगितली तेव्हा एका आईनं डोळे पुसले. मोठ्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, अशी घरं वाढायला हवीत. मी हवेत. हातात चहाचा कप, भोवती घोळका. तेवढ्यात पोहणं शिकवणाऱ्या बाई पुढं आल्या. गळ्यात शिट्टी, केस अजून ओले. म्हणाल्या, "तुमच्या मुलीला तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आज तुमचं ऐकल्यावर थोडं समजलं."

मी नाही म्हणाले? कशाला?

पुढचं त्याच सांगत गेल्या. त्यांना वाटलं, मला सगळं ठाऊकच आहे. शाळेच्या पोहण्याच्या संघात टिचकीची निवड झाली होती. पहिलं नाव तिचं. रोज सकाळी मोठ्या तलावावर सराव, जाणंयेणं, पोहायचे कपडे, सगळं शाळेकडून. आम्हाला काही म्हणजे काही खर्च नाही. आणि टिचकीनं त्यांना सांगितलं होतं, आमच्याकडे असलं काही घेत नाहीत. बाई म्हणाल्या, यादी आज संध्याकाळी जाते. तुम्ही हो म्हणालात तर अजूनही नाव घालते.

मला ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. पण मोठ्या बाई ऐकत होत्या. घोळका ऐकत होता. मी नुकतंच छाती ठोकून सांगितलं होतं की आमच्या घरी जे काही ठरतं ते तिघांचं मिळून ठरतं. मी हसले. म्हटलं, "आमचा विचार पक्का आहे."

घोळक्यातलं कुणीतरी "वा!" म्हणालं. माझी जीभ तिथंच कशी झडली नाही!

बरं, तोंडून गेलं ते गेलं. पण संध्याकाळपर्यंत वेळ होता. शाळा काही सातासमुद्रापार नाही. मागं फिरायचं, बाईंना बाजूला घ्यायचं, खरं सांगायचं. मी काय केलं? घरी येऊन पडद्याची चांगली शिवण उसवली आणि पुन्हा घालत बसले. अंधार पडेपर्यंत. अंधार पडला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं – हे मी कुणाला सांगणार नाही, पानाला सांगते.

आज दुपारी ह्यांना सगळं सांगितलं. जिन्यात उभं राहून, टिचकीला ऐकू जाऊ नये म्हणून. वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. कठड्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "तिनं सांगितलं होतं आपल्याला. गेल्या रविवारी. आपण टाळ्या वाजवल्या."

माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं! आणि ताईंचं ते पाण्यात चालणारं घड्याळ... म्हणजे आत्याला तिनं सरळ सांगितलं होतं. आम्हाला सांगायला तिला खेळाची वाट बघावी लागली, आणि त्यातही आम्ही तिला बक्षीस दिलं.

आज खेळ झाला नाही. माझं डोकं दुखतंय, असं मीच सांगितलं.

सोमवार, ९ सप्टेंबर

दुकानात उशिरा येते असं कळवलं आणि तलावावर गेले. पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो. मुली एकामागून एक उड्या मारत होत्या. मी काठावर चपला हातात घेऊन उभी, चोरासारखी.

बाईंना खरं सांगितलं. सगळं – ठाऊक नव्हतं तेही, आणि खोटं बोलले तेही. त्या भल्या आहेत. रागावल्या नाहीत. यादी गेली, म्हणाल्या, तिच्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव गेलं. पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसणार नाही. मोठ्या मुलींत निवड व्हायची तर आतापासून रोजचा सराव हवा. मग टॉवेल पिळता पिळता म्हणाल्या, "पण ती त्या दिवशी तुमच्या मागंच उभी होती ना. मला वाटलं, तुमचं आपसांत बोलून झालंय."

माझ्या मागंच उभी होती.

म्हणजे आईला संधी मिळाली आणि आईनं काय केलं, ते तिनं कानांनी ऐकलं. आणि त्या दिवशी घरी येताना माझी पिशवी तिनं घेतली होती. भाषण छान झालं म्हणाली होती!

बुधवार, ११ सप्टेंबर

आज धीर केला. वेणी घालताना विचारलं, म्हणजे समोर तोंड नको. केस ओढले जात होते तरी पोर हूं की चूं करत नव्हती. तिला म्हटलं, तू ऐकलंस ना त्या दिवशी? मान हलवली. मग बोलली का नाहीस?

"तू सगळ्यांसमोर होतीस ना, आई. मी मध्ये बोलले असते तर तुझं हसं झालं असतं."

बारा वर्षांची पोर माझी अब्रू झाकत होती. आणि मी? मी तिची माफी मागितली. कंगवा हातात धरून रडले, नाक ओढत, काही शोभा नाही. तिनंच माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग मी विचारलं, पण आधी, अगदी आधी, घरी येऊन एकदा तरी विचारायचंस. त्यावर ती अगदी साधेपणानं म्हणाली, "तू म्हणाली असतीस, त्याच्यावाचून अडतं का? आणि पोहण्यावाचून कुणाचं अडतं?"

माझंच वाक्य. रोज दहादा म्हणते मी ते.

मी तिला शब्द दिला. म्हटलं, आता तू काहीही माग. अडतं का, हे मी विचारणार नाही. तुझे बाबा विचारणार नाहीत. जे मागशील त्याला हो. ती विचारात पडली, परीक्षेत न शिकवलेला प्रश्न आल्यासारखी. मग म्हणाली, आत्ता काही नको.

शनिवार, १४ सप्टेंबर

तिला बाजारात घेऊन गेले. उगाच. काहीतरी घे म्हणून.

किती छान बघते ती! काचेजवळ थांबते, रंग बघते, शिवण बघते, माझ्यासारखीच. "हे फार सुंदर आहे" म्हणते आणि पुढं जाते. हात काही पुढं होत नाही. मी एक पिवळा कोट काढून तिच्या अंगाला लावला. तिनं मान डोलावली, कोट नीट घडी घालून जागेवर ठेवला. मी म्हटलं, अगं घे ना! जरा मोठ्यानं म्हटलं बहुतेक, दुकानदारानं वळून बघितलं. टिचकी घाबरली. "तू घे म्हणतेस तर घेते," म्हणाली.

रिकाम्या हातानं आलो. मला तिच्या घाबरण्याची लाज वाटली, की दुकानदारानं बघितल्याची? दुकानदारानं बघितल्याचीच असेल. माझा काही भरवसा नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

ह्यांनी जेवण झाल्यावर जाहीर केलं, आजपासून खेळ बंद. खुर्ची खिडकीशी नेऊन ठेवली. ज्याला वाटेल त्यानं बसावं. टिचकीनं विचारलं, मग रविवारी काय करायचं? हे म्हणाले, "भांडायचं. बाकीची घरं तेच करतात."

हसलो तिघंही. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली. खुर्चीत दिवसभर कुणीच बसलं नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

आज टिचकीनं मागितलं.

मी मशीनवर होते. जवळ येऊन उभी राहिली, म्हणाली, "काहीही म्हणाली होतीस ना?" मला इतका आनंद झाला! पाय थांबवला, म्हटलं, माग.

"मला आत्याकडे राहायला जायचंय. कायमचं." मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाली, "तू वाईट आहेस म्हणून नाही गं, आई. तिथं काही हवंसं वाटलं, तर कुणाला वाईट वाटत नाही."

शब्द दिला होता. हो म्हणाले. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.