बाकावर बसवलेली माणसं

अव्वा, मला भ्या वाटायलंय. साठ वर्षांचा घोडा झालो, छत्तीस वर्षं खाकी घातली, आणि आता घरात बसल्या बसल्या दाराची बेल वाजली तरी दचकून उभा राहतो. तुझी सून म्हणते, रिटायर झाल्यावर सगळ्यांचंच असं होतं, बीपीची गोळी घ्या आणि गप पडा. तिला काय सांगू? तू जाऊन वीस वर्षं झाली, म्हणून तुला सांगायलोय. मेलेल्या माणसाला सांगताना तरी भ्या वाटू नये, पण वाटायलंय. रिटायर व्हायच्या आधी माझ्याकडं शेवटचा एक खून आला. त्या खुनापायी एक बाई बीदरच्या जेलमध्ये जाऊन बसली होती, माझ्यापुढं कबूल होऊन. आणि माझे बारा दिवस उरले असताना मला कळलं, की तिनं तो केलेलाच नव्हता.

हळ्ळीखेडच्या पलीकडं एक गाव आहे, तिथं आपल्यातलीच एक म्हातारी गेली, लिंगैक्य झाली. घरात तिघंच: ती, तिचा एकुलता एक लेक आणि सून. लेक माल घेऊन हैद्राबादला जायचा. तो म्हणला, मी आदल्या सांजेला जेवून निघालो, अव्वानंच वाढलं. सून चार दिवस भालकीकडं बापाच्या घरी होती, ती सकाळी पहिल्या बसनं आली. घरात शिरली आणि थोड्या वेळानं बोंब मारत बाहेर पळाली, सासू अंथरुणात गार पडली म्हणून. हार्ट गेलं, असं गावानं ठरवलं. आठच्या सुमाराला बायांनी म्हातारीला आंघोळ घालून आपल्या लिंगायतांच्या रीतीनं मांडी घालून बसवलं, दुपारी माती झाली. आठ दिवसांनी म्हातारीची लग्न झालेली लेक ठाण्यात आली. आंघोळ घालताना तिला आईच्या गळ्यावर निळा वळ दिसला होता. चार लोकांत बोलायची छाती झाली न्हाई, आणि आता डोळ्याला डोळा लागंना. तिचा संशय भावजयीवर. सासू-सुनेचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आख्ख्या गावाला माहीत होतं.

मग माती उकरावी लागली. तहसीलदार, डॉक्टर, दोन पंच आणि मी. मीठ आणि विभूतीचा थर बाजूला केला, तर खाली म्हातारी मांडी घालून बसलेली, डाव्या तळहातावर तिचं इष्टलिंग. अव्वा, मी विहिरीतली मढी काढली, रुळावरची गोळा केली, पण आपल्या माणसांसारखं बसलेलं माणूस असं वरून बघायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. मी पाठ फिरवून पंचांना सही कुठं करायची ते दाखवत राहिलो, दोघांना ठाऊक होतं तरी. डॉक्टर म्हणले, गळ्यातलं हाड मोडलंय, दाबलाय गळा. पण आठ दिवस मिठात होती, कोणत्या वेळेला मेली ते सांगता यायचं न्हाई. सगळे सकाळी मेली म्हणत होते, मी बी सकाळच धरली. सकाळी घरात कोण, तर एकटी सून.

आता तुला कधी न सांगितलेलं सांगतो. नोकरीला निघालो तव्हा तू दारात म्हणली होतीस, ‘‘कुणावर हात उचलू नको रे लेकरा. लागल्यालं जातं, पण तळतळाट जात न्हाई.’’ मी तुझ्या पायाला हात लावून व्हय म्हणलो, आणि शपथ पाळली. दर पंचमीला घरी आलो की छाती फुगवून सांगायचो, ह्या वर्षी बी कुणाला बोट लावलं न्हाई, आणि तू माझ्या ताटात पुरणाची एक होळीगी जास्त वाढायचीस. पण मग गुन्हा उघडतोस कसा, हे तू कधी विचारलं न्हाईस आणि मी सांगितलं न्हाई. माझ्या खिडकीसमोर, बाहेर, एक लाकडी बाक होता. ज्याला विचारायचं त्याला मी आत खुर्चीवर बसवायचो, आणि त्याच्या घरचं कुणीतरी म्हातारं माणूस बोलावून त्या बाकावर. शिवी न्हाई, आवाज न्हाई. एवढंच म्हणायचो, ‘‘त्यांना घरी कधी पाठवायचं ते तुझ्या हातात हाय.’’ ठाण्यातली पोरं मला देवमाणूस म्हणायची.

त्या सुनेचा बाप आला. धोतर, टोपी, हातात पिशवी, पिशवीत लेकीचं एक लुगडं. दहा वाजता बाकावर बसला. वैशाखाचं ऊन अकरापर्यंत बाकावर येतं, मला ते ठाऊक होतं. ती आतून बघायली. दोनदा म्हणली, ‘‘सायेब, अप्पाला सावलीत तरी बसवा.’’ मी म्हणलो, ‘‘तुझ्या हातात हाय की.’’ तीन वाजता ती कबूल झाली. उशी दाबली म्हणली. मी विचारलं, ‘‘आणि गळा?’’ तर म्हणली, ‘‘व्हय, गळा बी.’’ मी विचारलं म्हणून ती म्हणली, एवढं साधं त्या दिवशी माझ्या टाळक्यात शिरलं न्हाई. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत न्हाई, म्हणून मॅजिस्ट्रेटापुढं नेली, तिथं बी तिनं तेच सांगितलं. सर्कल इन्स्पेक्टर सायेबांनी पाठीवर थाप मारली, जाता जाता सिक्सर मारलास म्हणले. मी घरी येऊन आंब्याचा रस वाटी भरून खाल्ला.

चार्जशीट बांधून झाली. म्हातारीला ज्या बाईनं बसवलं, तिचा कागदावर एक अंगठा तेवढा राहिला होता. तो घ्यायला मीच गेलो, शेवटचं एकदा गाव बघून यावं म्हणून. ती अंगणात करडी पाखडत होती. तुझ्याएवढ्याच वयाची, कपाळभर विभूती. कुणाचा तू, म्हणून विचारली. भालकीकडच्या मेहकरच्या अमक्या घरातल्या लेकीचा म्हणलो, तर सूप हातातच राहिलं. ‘‘अगं माय! मेलेल्या बाया बसवायची तिचा तू? तिच्यासारखे हात पाहिजेत बाबा. ह्या म्हातारीला बसवताना आम्हा तिघींचा जीव गेला बघ.’’ एवढं बोलली आणि जीभ चावली.

‘‘कामून? काय झालं?’’

‘‘काही न्हाई. अंगठा कुठं लावू सांग.’’

अव्वा, तिथं उभ्या उभ्या माझा गाल जळायला लागला. मी आठ वर्षांचा आहे, शेजारची काकू गेली आहे, तू आत तिला बसवायलीस आणि मी दाराच्या फटीतून बघतोय. कढत पाण्याचे फडके तू तिच्या गुडघ्यांवर ठेवायलीस, आणि पाय वाकंना झालेत. मी पळत जाऊन ओट्यावर बसलेल्या बाप्यांना सांगतो, काकूचे पाय वाकंनात! तू मला गोठ्यामागं ओढत नेलंस आणि अशी एक ठेवून दिलीस, की कानात किती तरी वेळ सूं वाजत होतं. ‘‘आत काय झालं ते उंबऱ्याबाहेर जात न्हाई. पुण्यवान माणूस फुलावानी बसतं म्हणतात लोक. तिला मेल्यावर पापी ठरवतोस व्हय रे?’’ आणि मग चुलीपुढं बसवून, भाकरीवर लोणी घालून, हळूच म्हणलीस, ‘‘पापाबिपाचं काही नसतंय. माणूस पहाटे गेलं आणि सकाळी बसवलं, तर वाकतं. आदल्या सांजेला गेलं की लोखंड होतं.’’

म्हणजे मला माहीत होतं! पन्नास वर्षांपासून माहीत होतं. बसवताना म्हातारी कशी होती, हा पहिला सवाल मी विचारायला पाहिजे होता. आपल्या बाया असलं झाकून ठेवतात, हे ठाण्यात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? पण हातात कबुली होती, मग कशाला विचारतोय! आदल्या सांजेला सून भालकीकडं बापाच्या घरी होती, आख्ख्या गल्लीनं तिला बघितलं होतं. घरात होता तो लेक. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि सुळी मीच तासली होती.

मी त्या बाईला हात जोडले, म्हणलो, आक्का, सांगा. ती ऐकंना. ‘‘लिंगैक्य झालेल्या बाईची मी बदनामी करू? तुझ्या अव्वानं केली असती का?’’ तेवढ्यात तिचा लेक रानातून आला, पन्नाशीतला, खांद्यावर टॉवेल. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? ह्याला बाकावर बसवू. बसवला की म्हातारी दुपारपर्यंत बोलते. अव्वा, खरं सांगतो. एका बाईला सोडवायला निघालो होतो, आणि मला दुसरं काही येतच नव्हतं. जिथं उभा होतो तिथंच मातीत बसलो. काय करावं सुचंना, म्हणून तिला तुझी ती चापट सांगितली. काकूचे पाय, गोठा, लोणी, सगळं. सांगता सांगता मीच रडायलो, सबइन्स्पेक्टरच्या वर्दीत, तिच्या लेकासमोर.

तिनं सूप खाली ठेवलं. ‘‘दोन हंडे पाणी लागलं,’’ म्हणली. ‘‘तिघींनी गुडघे दाबले. लोखंड होती, लेकरा. सांजेचीच गेल्याली.’’

‘‘मग तव्हाच कामून सांगितलं न्हाई, आक्का? तिकडं ती बाई जेलात हाय.’’

‘‘इचारलंत कुठं तुम्ही? ओट्यावरच्या बाप्यांना इचारलंत आणि गेलात.’’

सर्कल सायेबांकडं गेलो. म्हणले, ‘‘बारा दिवस राहिलेत तुझे, हे झेंगट कामून ओढवून घ्यायलास? कबुली हाय, गप निरोपाचा हार घालून घे आणि घरी जा.’’ पेन्शन अडकली तर, खात्यानं चौकशी लावली तर, ह्या वयात वकिलांच्या पायऱ्या झिजवायच्या का? सगळं मनात आलं. माझा तपास चुकला, असा कन्नडमध्ये मॅजिस्ट्रेटाला चार ओळींचा अर्ज लिहायला मला आख्खी दुपार लागली, अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं. पण दिला. त्या तिघी बाया डोक्यावर पदर घेऊन मॅजिस्ट्रेटापुढं उभ्या राहिल्या आणि म्हातारीची माफी मागून सांगितलं. डॉक्टर म्हणले, असं असंल तर आदल्या सांजेचंच. लेकाला मी धरला तो मोबाइल टॉवरच्या कागदांवर, बाकावर कुणाला न बसवता. निघालो म्हणला त्याच्यानंतर दीड तास तो घरातच होता. रोडलगतचं रान विकायला आई अंगठा देईना, एवढ्यापायी.

ती सुटली त्या दिवशी जेलच्या दारात मी गेलो. सिव्हिल कपड्यांत गेलो होतो, तरी मला बघून ती बापाच्या मागं सरली. मी म्हणलो, ‘‘बाई, मी तुला बोट बी लावलं न्हाई. केलं नव्हतंस तर कबूल कामून झालीस?’’ ती बापाच्या मागूनच म्हणली, ‘‘अप्पा उन्हात बसले होते तव्हा मी तग धरला, सायेब. मग तुम्ही त्यांना चहा पाठवलात. त्यांनी बिचाऱ्यांनी तुम्हाला खिडकीतनं हात जोडले. तव्हा मला कळलं, हा माणूस आम्हाला काहीही करू शकतो.’’ बाप बाजूला उभा होता, त्यानं परत एकदा मला हात जोडले.

तेव्हापासून झोप न्हाई. छत्तीस वर्षांत त्या बाकावर किती जण बसले, मोजायला घेतो आणि सोडून देतो. कुणाची आई, कुणाची बहीण. त्यातले किती जण खरंच गुन्हेगार होते आणि किती जण नुसते भ्याले होते, ते मला आता सांगता यायचं न्हाई, आणि सांगणार दुसरं कुणी न्हाई. हुमनाबादजवळ एक माणूस आहे, माझ्यासमोर कबूल होऊन चौदा वर्षं आत काढून आला. मी दोनदा बसमध्ये बसलो. दोन्ही वेळेला हुमनाबादच्या स्टँडवर उतरून पाणी प्यालो आणि त्याच बसनं माघारी आलो. बेल वाजली की वाटतं, तोच आला.

हा कागद कुठं पाठवणार? तुला अक्षर येत नव्हतं. आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायचो, आणि तू भाकरी थापायची थांबवून ऐकायचीस. आज तू असतीस, तर हे बी मीच वाचून दाखवलं असतं. तिघी बाया, लोखंड झालेले गुडघे, मी दिलेला अर्ज, सगळं ठसक्यात वाचलं असतं. ती बाई जेलच्या दारात जे बोलली, तेवढं मी गाळलं असतं, अव्वा.