बोलायचं झाकण

सोमवार, ४ ऑगस्ट

आज पुन्हा तोंड फिरवलं तिनं! राणीसरकारांच्या, म्हणजे माझ्या एवढ्याशा पेशंटच्या, गळ्यातली नळी कफानं घरघरायला लागली, मी कफ ओढायचं सक्शन मशीन सुरू केलं, बारीक नळी आत घातली – आणि पोरीची आई वळली खिडकीकडे. 'मला बघवत नाही हो सिस्टर.' बघवत नाही म्हणे! चार वर्षांची पोर निमूट सहन करते आणि ही एवढी थोरली बाई पडदे न्याहाळते. मग पर्स उचलून ऑफिसला पसार.

'गेली बघ तुझी बावळट,' मी राणीसरकारांना म्हटलं. राणीसरकार हसल्या. त्यांचं हसणं बघावं लागतं, ऐकू येत नाही. श्वास गळ्यातल्या भोकातूनच बाहेर पडतो, आवाज यायचा कुठून?

बुधवार, ६ ऑगस्ट

बाप आला. म्हणजे दारापर्यंत. तिथूनच विचारतो, 'सगळं ठीक?' स्वतःच्या घरात पाहुणा!

दुपारी आमच्या नर्सिंग एजन्सीची मॅडम तपासणीला. हात कसे धुवावेत यावर मला लांबलचक व्याख्यान दिलं, आणि निघताना केस सावरून त्याच हातानं पोरीचा गाल धरायला निघाली. मी मनगट पकडलं. 'आधी धुवा.' तोंड बघण्यासारखं झालं होतं.

अक्कल या घरात दोघींनाच – मला आणि राणीसरकारांना. आम्ही दिवसभर गप्पा मारतो. म्हणजे मी मारते. बावळटनं आज काय केलं, पाहुणा कुठे लपला, सगळं सांगते. एक बरं आहे, ही कुणाकडे चुगली करायला जात नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी बोलायचं झाकण दिलं. अंगठ्याच्या पेराएवढं. गळ्यातल्या नळीवर बसवलं की श्वास आत येतो, पण बाहेर पडायचा तो तोंडावाटेच. म्हणजे आवाज! रोज थोडा थोडा वेळ, मी समोर असतानाच.

बावळटचे डोळे लगेच भरले. 'आई म्हणेल का हो?'

'आधी खोकेल,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला आवडल्या त्या.

गुरुवार, १४ ऑगस्ट

खोकली. झाकण उडून पलंगाखाली.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

आवाज आला!! घोगरा, तेल न घातलेल्या दारासारखा. पोर घाबरली, मीही घाबरले. मग ती स्वतःच्याच आवाजाला हसली आणि ते हसू ऐकू आलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. रडले तर रडले.

संध्याकाळी पोरीच्या आई-बापाला सांगितलं. झालं! पुढच्या रविवारी मावशी, काका, आजी, सगळी वरात बोलावलीय, 'आई' ऐकायला. फुगेसुद्धा लावणार म्हणे. पोर आहे की सर्कस?

मंगळवार, २६ ऑगस्ट

झाकण लावलं होतं. बावळट नेहमीसारखी किल्ल्या शोधत घरभर फिरून एकदाची गेली. दार लागलं. राणीसरकारांनी दाराकडे बोट केलं आणि म्हणाल्या, 'बावत.'

ळ तेवढा गिळला. बाकी सूर हुबेहूब माझा!

पोट दुखेपर्यंत हसले. मग रविवार आठवला आणि हसू जागच्या जागी गोठलं.

बुधवार, २७ ऑगस्ट

भिंतीवरच्या फोटोवर बोट ठेवून घोकून घेतलं. 'ही कोण? आई.' राणीसरकार 'नाही' अशी मान हलवतात. फोटोला हात लावतात – 'बावत.' पुन्हा 'आई'. पुन्हा 'बावत', आणि वर माझ्याकडे असं बघतात की कशी गं तू मठ्ठ!

जीभच छाटायला हवी माझी.

शनिवार, ३० ऑगस्ट

आजही तेच. उद्या झाकण हरवलं असं सांगावं? कुठल्या तोंडानं? पोरीनं दोन-अडीच आठवडे खोकून खोकून कमावलेला आवाज आहे तो.

मला काढतील. काढू देत, कामं छप्पन मिळतील. ही पोर कुठे मिळणार? कुठेच नाही. जीव लागलाय मेला.

रविवार, ३१ ऑगस्ट

सगळे जमले. मावशीचा मोबाइल शूटिंगसाठी वर. पाहुणा चक्क खोलीच्या आत! मी झाकण बसवलं.

पोरीनं सगळ्यांवरून नजर फिरवली. आई दिसली. दोन्ही हात पुढे केले, चेहरा फुलला, आणि इतक्या लाडानं हाक मारली की काय सांगू – 'बावत!'

कुणीतरी फिसकन हसलं. मावशी म्हणाली, 'अगं बाई, हे कोणी शिकवलं?' आईनं माझ्याकडे बघितलं. एकदाच.

तेवढ्यात पोर खोकायला लागली, ओठ निळसर. मी पुतळा झाले होते. मी, दुसऱ्यांची मनगटं धरणारी! झाकण आईनं काढलं. मशीन आईनं सुरू केलं, नळी आईनं घातली, सरळ, सफाईनं, नजर न हटवता. पोर शांत झाली.

'तुम्हाला येतं?' माझ्या तोंडून गेलं.

'रात्री कोण करतं मग?' नळी धुता धुता म्हणाली. 'दिवसा तुम्ही असता, म्हणून तोंड फिरवता येतं.'

रात्रीचा विचार मी कधी केलाच नव्हता. संध्याकाळी घरी येऊन मी झोपते ना!

सोमवार, १ सप्टेंबर

निरोप घ्यायच्या तयारीनंच गेले. पर्स खांद्याला, किल्ल्या शोधत पोरीच्या आईनंच दार उघडलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, 'आई म्हणायला शिकवा तिला, पण हळूहळू. एकदम नाव बदललंत, तर बावळट कुठे गेली म्हणून शोधत बसेल.'