धाकटीच्या पायाचं माप

आई,

तू जाऊन अठरा वर्षं झाली आणि माझा तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. का धरू नये? तू जिवंत होतीस तेव्हा कधी धरू दिलास? तेव्हा आज गप बस आणि ऐक. तुला मधे बोलता येणार नाही, हे एक बरं आहे.

मी सातवीत होते, नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. स्नेहसंमेलनात बाईंनी ती परीकथा बसवली होती. राखेत राबणारी पोरगी राजवाड्यात एक बूट विसरून पळते, आणि तो बूट जिच्या पायात बसेल तिच्याशीच लग्न करीन म्हणून राजपुत्र घरोघर फिरतो, ती. वर्गात माझा पाय सगळ्यांत मोठा, म्हणून मला सावत्र बहीण केलं. चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठ्याचा बूट माझ्या पायात शिरत नाही आणि सगळी शाळा हसते, एवढंच माझं काम. मी खुशीत होते, टाळ्या मलाच जास्त पडल्या होत्या. आणि तू घरी आल्यावर भाकरी थापता थापता काय म्हणालीस? "जरा पाय आत ओढून घ्यायचा की गं! सारी माणसं बघत हुती." अगं, नाटक होतं ते! माझा पाय बसला असता तर गोष्टच बोंबलली असती. पण तुला त्या गोष्टीतलं एवढंच कळलं की बारक्या पायाच्या पोरीला राजवाडा मिळतो. तेव्हापासून कुणी पावणं आलं की तू डोळ्यांनीच खुणावायचीस, पाय आत घे.

लग्न ठरलं तेव्हा मी वीस वर्षांची. बघायला आलेल्यांत नवऱ्याची आत्या होती. तिनं माझ्या साडीचा काठ बोटानं वर केला आणि म्हणाली, "उंची हाय, तसं पाय बी हायत की." तेवढ्यानं तुझ्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याकडं नवरीची चप्पल नवऱ्याच्या घरून येते. सासऱ्यांचा निरोप आला, कागदावर पाय आखून द्या, कोल्हापुरात चप्पल लाइनीतल्या दुकानात टाकतो करायला. तू वहीचा कागद फाडलास, त्यावर माझा पाय ठेवून पेन्सिल फिरवलीस, बघितलंस आणि कागद चुरगाळून टाकलास. मग धाकटीला हाक मारलीस. ती तेरा वर्षांची. हसत हसत नव्या कागदावर उभी राहिली. तिच्या पायाचं माप घडी घालून तू माझ्या सासरी पाठवलंस. वर म्हणालीस, "चामडं हाय, त्याल लावलं की सैल हुतंय." चामडं रुंदीला सैल होतं, लांबीला वाढत नाही. सगळा जन्म कोल्हापुरात काढलास आणि तुला हे माहीत नव्हतं?

मांडवातून निघताना मी ती चप्पल घातली तर टाच दोन बोटं मागं बाहेर. सासू सगळ्यांदेखत म्हणाली, "माप तुमच्याच घरातनं आलंतं न्हवं? मग ह्यो पाय कुणाचा?" 'माझं चुकलं' एवढं तरी म्हणायचंस. नाही म्हणालीस. आणि मी त्या घरात शिरले ती खोटारडी म्हणून. आमटीत मीठ जास्त पडलं तरी नवरा म्हणायचा, "तुमच्या घरचं मापच खोटं." चार वर्षं मी तीच चप्पल घातली. दुसरी मागायचं धाडस नव्हतं. लंगडत चालले की लंगडते म्हणून बोलणी खायची.

एकदा पावण्यांच्या पंगतीत त्यानं ताट भिरकावलं आणि माझ्यावर हात उचलला. मी नेसरीकडच्या त्या सासरहून एसटी धरून तुझ्याकडं आले. तू माझ्या टाचा बघितल्यास. नाही म्हणू नकोस, बघितल्यास. आणि तेलाची वाटी पुढं सरकवलीस. "जरा दमानं घे. माणूस बी सैल हुतंय की." दुसऱ्या दिवशी सकाळी मला परतीच्या गाडीत बसवायला तू स्टँडवर आलीस. तुझी पाठ वळली आणि मी उतरले. चप्पल बाकाखाली सोडली आणि अनवाणी चप्पल लाइनीपर्यंत चालत गेले. कारागिरानं पायाखाली कागद ठेवला तर माझी बोटं आपोआप आत वळली. "ताई, पाय मोकळा सोडा की," तो म्हणाला. "असं आखडून माप येत न्हाय." मी भर दुकानात रडले. पुन्हा सासरी गेले नाही. शिलाई मशीन घेतलं आणि माझं मी भागवलं.

तो राजपुत्र मला कधीच आवडला नाही. जिच्याबरोबर एवढा वेळ नाचला तिचं तोंड लक्षात राहत नाही आणि बूट घेऊन हिंडतो, ह्याला प्रेम म्हणायचं होय? पोरगी मात्र खमकी होती. जोडीतला दुसरा बूट तिनं जवळ जपून ठेवला होता आणि आपला आपण काढून दाखवला. तिला राबवलं ते सावत्र आईनं. पण त्या बाईनंही तिच्या पायाच्या जागी दुसरीचा पाय आखून दिला नाही. तू तर माझी सख्खी होतीस.

तो चुरगाळलेला कागद माझ्या पायाशीच पडला होता. मी वाकून उचलला असता, 'हा माझा, हाच जाऊ दे' म्हणाले असते, तर? मीही गप्पच बसले. पण पेन्सिल तुझ्या हातात होती, आई, आणि ते मी सोडणार नाही.

हे पत्र मशीनच्या खणात राहील. मघाशी लिहिता लिहिता दार वाजलं. शेजारीण होती, विरजणाला दही मागायला आली होती. ती आत आली तेव्हा मी काय केलं, सांगू? पाय साडीखाली ओढून घेतले. तिला जाऊन अर्धा तास झाला. अजून तसेच आहेत.