मंगळवारची डाळीची लुकमी

माय, काल तुझ्या नातीनं घरी लुकमी तळली. मीच तिला तोंडी सांगितलं, मैद्याची चौकोनी घडी, आत चण्याच्या डाळीचं तिखट सारण, कडा दाबून करडईच्या तेलात सोडायची. नाव ऐकून ती हसली. तिला काय ठाऊक, या एका पदार्थासाठी आपण दोघी मंगळवारची कशी वाट बघायचो.

तुळजापूरहून दर्शन घेऊन परतताना धाराशिवला गाडी बदलायची. मोटारस्टँडसमोर चाचांचं हॉटेल. एरवी तिथं खिम्याची लुकमी, पण मंगळवारी देवीच्या माणसांसाठी चाचा वेगळी कढई चढवत आणि डाळीची तळत. बायका हॉटेलात बसत नसत. आपण कडुलिंबाखाली. अण्णा, म्हणजे तुझे मालक, आत संगमरवरी टेबलाशी बसून गरमागरम खाणार, कचेरीतल्या लोकांशी गप्पा हाणणार आणि मग कागदात बांधून आपला वाटा आणणार. तोवर ती पार थंड. अजून डोळे मिटले की तो लिंब हलतो, तेलानं ओला झालेला उर्दू कागद मांडीवर असतो. तू कोपरा मोडून आधी मला देतेस आणि हॉटेलच्या दाराकडं बघत म्हणतेस, "एकदा आत बसून गरम खायची हाय बग मला."

मग आपला जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला. कचेरीतले उर्दूवाले कारकून एकेक करून हैदराबादला निघून गेले आणि चाचांचं गिऱ्हाईक तुटलं. आपल्याला खेड्यात हे कुठं कळतंय. त्या मंगळवारी तू लिंबाखाली बसलीच नाहीस. पदर सारखा केलास, माझा हात धरलास आणि सरळ आत. मागून अण्णा म्हणतायत, "अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या की. तुमी बसा लिंबाखाली."

चाचा गल्ल्यावरून उठून उभे राहिले. "बैठो बाई. पर लुकमी बंद केली आमी. रोजचे खानारे लोकच ऱ्हायले न्हाईत."

मला वाटलं, तू उठशील. तू त्या गार टेबलावरून नुसता हात फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, "मंग चहाच द्या. गरम द्या." बशीत ओतला नाहीस. कपालाच तोंड लावून, जीभ भाजत, सावकाश प्यायलीस. बाहेर गाडीचा भोंगा वाजत होता. मला तुझा फार अभिमान वाटला, आणि वाईटही इतकं वाटलं की माझा चहा तसाच राहिला.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? राहू दे उशाखाली. पण एक सांगते. काल नातीनं पहिली लुकमी कढईतून काढून थेट माझ्या ताटलीत वाढली. मी खुर्चीवर, समोर टेबल, लुकमीतून वाफ निघतेय, अगदी तुला हवं होतं तसं. तुझ्या नावानं एक घास घेतला, पण ओळखीची चव लागेना. पोरीची पाठ वळल्यावर मी ती कागदात गुंडाळली, बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि थंड झाल्यावर खाल्ली.